बाटली झाका आणि मग चाखा : नागपुरात मित्रांसोबत घरच्या घरी टेस्टिंग कसं करायचं

आमच्या ग्रुपमध्ये एक दादा आहे, पंधरा वर्षं एकाच स्कॉचवर (म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीवर) ठाम, लग्नात गेला तरी तीच, वाढदिवसाला कोणी दुसरी आणली तर तोंड वाकडं. मागच्या डिसेंबरात आम्ही चार व्हिस्क्या पेपरात गुंडाळल्या, नंबर टाकले आणि त्याच्यासमोर ठेवल्या, त्यात त्याची लाडकी पण होती. तिला त्याने चौथा नंबर दिला. पहिला दिला एका भारतीय सिंगल माल्टला (एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या बार्लीची म्हणजे माल्टची व्हिस्की), जिला तो आधी "आपल्याकडची काय बे ती" म्हणून हात पण लावत नव्हता. कागद काढल्यावर दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग परत चारही ग्लास एकेक करून हुंगले आणि म्हणाला, "भाऊ, पुढच्या महिन्यात परत करू हे."

तेव्हापासून आम्ही दर महिन्याला बसतो, आणि माझं पक्कं मत झालंय की लेबल आणि किंमत दिसत असेल तोवर तुलना होतच नाही, डोळ्याने आधीच निकाल लावलेला असतो. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या इंग्लिश वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच जाणकारांना फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून दिल्या होत्या, तेव्हा पांढऱ्यात आणि लालमध्ये दोन्हीकडे कॅलिफोर्निया पहिली आली. ते तर आयुष्यभर वाइनच पिणारे लोक होते, मग आपण कोण लागून गेलो. तर आता सगळं सविस्तर सांगतो, कारण बऱ्याच जणांनी विचारलं की नेमकं करायचं कसं.

आधी कायद्याचं, एकदाच सांगतो

महाराष्ट्रात वाइन आणि माइल्ड बिअरसाठी वय २१ लागतं, बाकी सगळ्यासाठी २५. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला भाचा "मामा मी पण येतो" म्हणाला तरी व्हिस्कीच्या टेबलवर नको, स्पष्ट नाही म्हणा. परमिट लागतं, विदेशी दारूचं एका दिवसाचं ५ रुपयांत, वर्षाचं १०० आणि आयुष्यभराचं १००० रुपयांत मिळतं. ज्याच्या घरी महिन्याला बैठक आहे त्याने आयुष्यभराचं काढून टाकावं, कटकट संपते. आणि वर्ध्याचा मित्र परत जाताना "उरलेली दे ना बे" म्हणाला तर अजिबात देऊ नका, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, बुटीबोरी सोडून पुढे गेलात की बाटली सापडणं म्हणजे सरळ केस. गडचिरोलीचं पण तेच. ड्राय डे कधी आहे ते बघूनच तारीख ठरवा, नाहीतर ऐनवेळी शॉप बंद असतं.

एका बैठकीत एकच प्रश्न

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच रात्री बिअर, वाइन, रम, व्हिस्की सगळं मांडणं. त्यात तुलना काय होणार, आंबा आणि वांगं शेजारी ठेवल्यासारखं ते. आधी प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ भारतातल्या चार भागांतले सिंगल माल्ट: बंगळुरूची अमृत, गोव्याची पॉल जॉन, उत्तर प्रदेशची रामपूर, हरियाणाची इंद्री. किंवा स्कॉच, आयरिश आणि बर्बन (अमेरिकेची मक्याची व्हिस्की) या तिघींत फरक काय. किंवा एकाच कंपनीची माइल्ड आणि स्ट्रॉंग बिअर. किंवा एकाच द्राक्षाच्या तीन वाइन. चारपेक्षा जास्त ठेवू नका, पाचव्या ग्लासला नाक सगळं सारखंच सांगायला लागतं, आम्ही सहा ठेवून बघितलंय, शेवटच्या दोनबद्दल कोणाच्याच कागदावर धड काही नव्हतं.

माणसं चार ते सहा बरी. आठ झाली की गप्पाच होतात, त्यात पण मजा आहे पण ते टेस्टिंग नाही.

खर्चाचं गणित

लोकांना वाटतं की याला लई पैसे लागतात. बघा, एका वेळी एका माणसाला एका व्हिस्कीचे १५ मिली पुरतात. सहा जणांना मिळून ९० मिली, म्हणजे एक निप. क्वार्टर (१८० मिली) घेतली तर दोन बैठका निघतात. आणि चार व्हिस्क्या चाखून एका माणसाच्या पोटात जाते एकूण ६० मिली, फक्त एक लार्ज पेग. हे आकडे मी आवर्जून सांगतो कारण "रोज काय टेस्टिंग" असं बायको म्हणाली की हाच हिशोब दाखवावा लागतो, आणि तो खरा आहे. महागड्या ब्रँडची निप किंवा मिनिएचर मिळते का ते वाइन शॉपवाल्याला विचारून ठेवा, नसेल तर सहा जणांत खंबा (७५० मिलीची पूर्ण बाटली) काढा, उरलेली पुढच्या वेळी कामी येते.

माप मात्र डोळ्याने नको. बारवाल्यांचं ३०-६० चं पेग मेजर असतं त्यात १५ चा अंदाज चुकतो. मेडिकलमधून १० मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा, दहा-बारा रुपयांची वस्तू, एक भरून आणि एक अर्धी, झाले १५. खोकल्याच्या औषधाचं झाकण वापरू नका, कितीही धुतलं तरी त्याला सिरपचा वास राहतो आणि तो व्हिस्कीत येतो.

नागपूरचं हवामान, याकडे कोणीच बघत नाही

पुस्तकात आणि व्हिडिओत सांगतात की व्हिस्की आणि रेड वाइन रूम टेंपरेचरला प्या. भाऊ, मे महिन्यात आपली रूम म्हणजे काय, बाहेर ४५ आणि आत कूलर लावून पण तीसच्या वर. ज्यांनी तो नियम केला त्यांच्या थंड देशातली खोली १६-१८ डिग्रीची होती. गरम रेड वाइनमधून नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो, फळाचा वास त्यात मरून जातो. म्हणून उन्हाळ्यात रेड पण पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, हात लावल्यावर माठातल्या पाण्याएवढी गार लागली की बस. व्हाइट फ्रिजमधून काढून मेमध्ये पाचच मिनिटं थांबा, डिसेंबरात पंधरा-वीस.

आणि कूलर. हे मी स्वतः अनुभवलंय, एप्रिलमध्ये कूलरला नवीन खस लावली होती, सगळी खोली त्या ओल्या वासाने भरलेली, आणि आमच्यातल्या चौघांनी वेगवेगळ्या बाटल्यांसाठी "मातीचा वास, गवताचा वास" असं लिहिलं. सगळा कूलरचा वास होता तो. तेव्हापासून नियम आहे की चाखायच्या अर्धा तास आधी कूलर बंद आणि एसी चालू, एसी नसेल तर पंखा आणि खिडक्या उघड्या. अगरबत्ती नको, परफ्यूम नको, सिगारेट गच्चीवर, आणि खालच्या मजल्यावर कोणी फोडणी देत असेल तर थोडं थांबायचं.

खरा सीझन म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण जानेवारीत रात्री गच्चीवर बसलात तर पारा दहा-बाराला येतो आणि तिथे व्हिस्की उलट बंद होते, वासच देत नाही. ग्लास तळहातात दोन मिनिटं धरा, मग बघा कशी उघडते.

ग्लास, पाणी, खाणं

ट्यूलिपसारखा, वर निमुळता ग्लास पाहिजे म्हणजे वास आत साठतो. तो नसेल तर छोटा वाइन ग्लास चालतो. सरळ उभा पाण्याचा ग्लास नको, स्टीलचा पेला तर नकोच. साबणाने धुतला की साध्या पाण्याने परत तीन वेळा खळखळून घ्या, आणि टॉवेलने पुसू नका, उलटा ठेवून वाळवा.

पाणी फिल्टरचं, क्लोरीनचा वास नसलेलं. बर्फ आणि सोडा टेस्टिंग संपेपर्यंत आत. बर्फाने जीभ बधिर होते आणि मग हजाराची आणि पाच हजाराची सारखीच लागते, म्हणून तर पार्टीत कोणालाच फरक कळत नाही.

सावजी टेस्टिंगनंतर, आधी अजिबात नाही. मला माहितीये की आपल्याकडे बसायचं म्हटलं की पहिला फोन सावजीवाल्यालाच जातो, पण तो तिखटपणा अर्धा-पाऊण तास जिभेवरून हटत नाही, पाण्याने तर जातच नाही, आणि वरून व्हिस्की घेतली की जळजळ अजून वाढते. मधे खायला साधे मुरमुरे, बिनमिठाचा पाव, काकडी. शेव, चिवडा, तळलेले शेंगदाणे सगळं नंतर. दुपारपासून पान-खर्रा पण बंद ठेवा, खर्रा खाल्लेल्या तोंडाला काहीही कळत नाही आणि नागपुरात हे सांगणं गरजेचं आहे.

झाकायचं कसं

नुसतं पेपर गुंडाळून भागत नाही, मान आणि बुचावरून लोक ओळखतात. एकाने आतल्या खोलीत जाऊन ओतायचं, ग्लासच्या खाली चिठ्ठी चिकटवायची १, २, ३, ४ अशी, आणि यादी खिशात ठेवायची. मग दुसरा आत जातो आणि त्याच ग्लासांना अ, ब, क, ड देतो आपल्या मनाने, त्याची यादी वेगळी. आता ओतणाऱ्यालाही माहीत नाही की समोर काय आहे, त्यामुळे तो पण चाखू शकतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून कोणाला अंदाज येत नाही.

रंगाला भुलू नका. गडद म्हणजे जुनी, असं सगळ्यांना वाटतं, पण स्कॉचमध्ये सुद्धा कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे. आणि वाइनचं तर २००१ मध्ये बोर्डोत फ्रेडरिक ब्रोशेने व्हाइट वाइनला लाल रंग देऊन ५४ विद्यार्थ्यांना दिली, ते तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत करायला लागले. म्हणून आम्ही ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यातला एक पिवळा बल्ब ठेवतो, रंग नीट दिसतच नाही.

हुंगायचं, चाखायचं आणि लिहायचं

व्हिस्कीत नाक खुपसू नका, वाइनची गोष्ट वेगळी. ग्लास हनुवटीपाशी आणा, तोंड थोडं उघडं ठेवा आणि छोटे छोटे श्वास घ्या. हळूहळू वर आणा. पहिला घोट हिशोबात धरायचा नाही, तो फक्त जिभेला सवय व्हायला. दुसरा घोट आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा, गिळा, आणि मग थांबा, किती वेळ चव राहते ते मनात मोजा. कोणाला थुंकायचं असेल तर मधे एक रिकामा डबा ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, व्यावसायिक लोक तेच करतात.

मग पाणी, पण थेंबाने. चमच्याने चार-पाच थेंब टाका आणि परत हुंगा. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर हिशोब करून दाखवलं की थोडं पाणी पडलं की धुराचा वास देणारं ग्वायाकोल पृष्ठभागाकडे येतं, म्हणून वास उघडतो. आमच्याकडे प्रत्येकाला हे स्वतः कळलंय, पाण्याआधी आणि नंतर दोन वेगळ्या ओळी लिहायला लावतो आम्ही.

लिहिताना कोणी तोंड उघडायचं नाही. हा नियम मोडला की सगळं वाया, कारण एकाने "व्हॅनिला" म्हटलं की उरलेल्या पाचांना पण व्हॅनिलाच येतो. आणि शब्द आपलेच वापरा. ब्लॅकबेरी आणि टॉफी आपण किती वेळा खाल्लीय? आमच्या कागदांवर काय काय आलंय सांगतो: ओला गूळ, वाळत घातलेली मोहफुलं, बोरकूट, संत्र्याचं साल नखाने खरवडल्यावर उडणारा फवारा, आजीच्या लाकडी पेटीतलं कापड. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीच्या) धुरावर वाळवलेल्या माल्टची व्हिस्की पहिल्यांदा दिली तेव्हा तिघांनी टिंचर आयोडीन लिहिलं आणि एका वहिनीने लिहिलं "गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, तूप लावायच्या आधीचे". एवढं अचूक वर्णन मी कुठे वाचलं नाही. धुराची बाटली नेहमी शेवटी ठेवा, तिच्यानंतर दुसरं काही कळत नाही.

शेवटी प्रत्येकाने क्रम लावायचा, पहिला ते चौथा. दहापैकी मार्क देऊ नका, सगळे साडेसातच देतात. क्रम लावला की निर्णय घ्यावाच लागतो.

व्हिस्कीबद्दल दोन-तीन गोष्टी बैठकीत बोलायला बऱ्या पडतात. स्कॉच व्हायला ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं लागतात, बर्बनला किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेलं नवीन पिंप लागतं, म्हणून तिच्यात व्हॅनिला-गुळाचा गोडवा जास्त. जेमसनसारखी आयरिश तीनदा ऊर्ध्वपातन केलेली, म्हणून मऊ. पिंपातून दरवर्षी जे उडून जातं त्याला एंजल्स शेअर म्हणतात, स्कॉटलंडमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडे उन्हामुळे १० टक्क्यांच्या पुढे जातं. त्याच उन्हामुळे व्हिस्की पिंपात लवकर मुरते, म्हणून इथली पाच-सहा वर्षांची व्हिस्की तिथल्या बारा वर्षांच्या शेजारी बसू शकते, वयाचा आकडा बघून खरेदी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि आपल्या बऱ्याच बाटल्यांवर अल्कोहोल ४२.८ टक्के असतं, बऱ्याच स्कॉचवर ४०, तेवढ्याने पण जिभेला फरक जाणवतो.

खरंच फरक कळतो का

हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. तीन ग्लास, दोनमध्ये एकच पेय, तिसऱ्यात दुसरं. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने पण तीनदा एकदा बरोबर येणारच, म्हणून एका माणसाने किमान पाच-सहा वेळा करावं, सहापैकी पाच बरोबर आले तर खरंच कळतंय असं समजा. बिअरवर हे फार छान होतं. एकाच ब्रँडची कॅन आणि बाटली घ्या, ६०-६० मिली ओता. आमच्यातला जो "कॅनमधली बिअर लोखंडी लागते" म्हणायचा त्याचे सहापैकी दोन बरोबर आले, आता तो कॅनच घेतो.

बिअरमध्ये बाकी मुख्य गोष्ट तारखेची, तयार झाल्याची तारीख बघा आणि जितकी ताजी तितकी घ्या. दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेला हिरव्या काचेचा क्रेट कधीच नको, उजेडाने बिअरला कुबट वास येतो, तपकिरी काच त्यातल्या त्यात वाचवते. व्हीट बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास आला तर ती भेसळ नाही, यीस्टमुळेच येतो तो. आणि एकदम बर्फासारखी नको, फ्रिजमधून काढून पाच मिनिटं.

वाइनसाठी मराठीत शब्दच शब्द आहेत

रेड पिऊन हिरड्या आणि जीभ जशी ओढल्यासारखी होते, कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर होते तशी, ते टॅनिन. आपल्याकडे त्याला तुरट म्हणतात, इंग्रजीवाल्यांना त्यासाठी वाक्य लागतं. आणि आंबटपणा मोजायचा असेल तर गिळल्यावर मान खाली घालून बघा किती लाळ सुटते. सुरुवातीला नाशिकच्याच दोन व्हाइट शेजारी ठेवा, सोव्हिन्यो ब्लांक आणि शेनिन ब्लांक या दोन द्राक्षांच्या. पहिलीत हिरवी सिमला मिरची आणि चिरलेलं गवत, दुसरीत पिकलेला पेरू आणि थोडा गोडवा. नवीन माणसाला पण पहिल्याच वेळी फरक कळतो आणि त्याला हुरूप येतो. लालमध्ये नाशिकच्या सुलाची शिराज आणि अकलूजच्या फ्रातेलीची घेऊन बसा, एकाच राज्यातल्या दोन मातींची तुलना होते. ५० मिलीने एका बाटलीत पंधरा जणांचं होतं.

कॉकटेल : संत्र्याचा सावर

सावर म्हणजे दारू, आंबट रस आणि साखर यांचं कॉकटेल. त्यात पण नियम तोच, एकच गोष्ट बदला. नागपुरी संत्रं, ज्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते आंबिया बहाराचं नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, तेव्हाच करा, पॅकेटचा रस नको. ४५ मिली स्पिरिट (व्हिस्की किंवा रम), २० मिली संत्र्याचा रस, २० मिली लिंबू, १५ मिली साखरेचा पाक, पाक म्हणजे एकास एक साखर-पाणी. आपलं संत्रं गोड आहे, आंबटपणा कमी, म्हणून लिंबाशिवाय ते सपक लागतं, बरेच जण इथेच चुकतात. रस हाताने पिळा, मिक्सरमध्ये बिया फुटल्या की कडू होतो. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली, बर्फ भरून मोबाईलवर बघून १२ सेकंद हलवा, प्रत्येक वेळी तेवढेच, कारण वितळलेलं पाणी पण रेसिपीचाच भाग आहे.

मग तीन ग्लास: एक बर्बनचा, एक भारतीय माल्टचा, एक डार्क रमचा. एक ग्लास सहा जणांत वाटून दोन-दोन घोट. आमच्याकडे तिन्ही वेळा रम पहिली आली, संत्रं आणि मळीचा गूळ यांचं काहीतरी जुळतं. महागडा माल्ट मात्र त्यात दिसतच नाही, तो नुसताच प्या.

कागद काढल्यानंतर

आता फोन लावा सावजीला. तिखट रश्श्याबरोबर थंड माइल्ड बिअर किंवा ती गोडसर शेनिन घ्या, व्हिस्की नको. ज्याला गाडी घेऊन जायचंय त्याने आधीच सांगून फक्त हुंगावं आणि थुंकावं, रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ती वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते. बाकीच्यांनी ओला कॅब बोलवा किंवा गादी टाका हॉलमध्ये.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा. व्हिस्की अर्ध्याखाली गेली असेल तर रिकाम्या क्वार्टरमध्ये गच्च भरून ठेवा म्हणजे हवा कमी राहते, वर चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिहा, आणि फ्रिजच्या डोक्यावर न ठेवता भिंतीतल्या बंद कपाटात, सगळ्यात खालच्या खणात ठेवा, मेमध्ये घरातली त्यातल्या त्यात गार जागा तीच असते.